वर्षभराचे डिजिटल पॅकेज : सांगलीतील एका जाहिरातसेवेचे परीक्षण

सांगलीच्या गणपती पेठेत आमचे हळद, मिरची आणि बेदाण्याचे दुकान आहे. घाऊक व्यवहार मार्केट यार्डातून चालतो आणि तो सासरे व दीर पाहतात. पेठेतील किरकोळ विक्री माझ्याकडे आहे. लग्नानंतर बरीच वर्षे मी जिल्ह्यातील एका शिक्षणसंस्थेच्या जनसंपर्क विभागात नोकरी केली, त्यामुळे प्रसिद्धीचे काम मला परके नव्हते. तरीही दुकान मोबाईलवर नीट उभे करणे हे वेगळ्या हातोटीचे काम आहे, हे ओळखून आम्ही विश्रामबाग परिसरातील एका डिजिटल मार्केटिंग संस्थेचे वर्षभराचे पॅकेज घेतले. त्याची मुदत संपली असून नूतनीकरणाची बोलणीही झाली आहेत, तेव्हा त्या सेवेविषयी सविस्तर लिहिण्यास आता हरकत नाही. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण तिच्या गुणदोषांपैकी बहुतेक या सबंध व्यवसायाचेच आहेत. मिरजेतील आणि साताऱ्यातील ओळखीच्या दुकानदारांचे अनुभवही थोड्याफार फरकाने असेच आहेत.

पॅकेजमध्ये काय होते ते आधी सांगते. गूगल बिझनेस प्रोफाइलची, म्हणजे गूगलच्या शोधात व नकाशावर दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीची देखभाल, इन्स्टाग्राम व फेसबुकची पाने चालविणे, महिन्याला ठरावीक रील्स, सणावारांची पोस्टर्स, व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग, ऑनलाइन जाहिरातींचे व्यवस्थापन आणि सर्वांत शेवटी ‘पीआर व रेप्युटेशन’ (म्हणजे जनसंपर्क व नावलौकिक) असे एक कलम, ज्यात नेमके काय मिळणार हे कोटेशन घेऊन आलेल्या तरुणालाही सांगता आले नाही. जाहिरातीवर होणारा प्रत्यक्ष खर्च, म्हणजे गूगल आणि मेटा (फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲपची मालक कंपनी) यांना द्यावयाचे पैसे, संस्थेच्या शुल्कात धरलेला नव्हता आणि शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा होता. नवख्या दुकानदाराच्या ही गोष्ट ध्यानात येत नाही आणि पहिल्याच महिन्यात त्याचे संस्थेशी वाजते. आमचे वाजले नाही, कारण कोटेशन दिरांनी वाचले होते आणि हमाली, तोलाई, अडत यांचा हिशेब रोज करणाऱ्या माणसाच्या नजरेतून असले काही सुटत नाही.

सर्व कामांत गूगलच्या नकाशावरचे काम उत्तम झाले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आमच्या दुकानाची खूण नकाशावर मागच्या बोळात पडलेली होती. बाहेरगावचे गिऱ्हाईक बोळात शिरून, तिथल्या बंद गोदामाकडे पाहून परत जात असे. संस्थेने खूण दुकानाच्या दारावर आणली, व्यवसायाचा प्रकार ‘किराणा’ऐवजी मसाल्याचे दुकान असा बदलून घेतला, फोन क्रमांक एकच ठेवला आणि दुपारी दुकान बंद असण्याची वेळ स्पष्ट लिहिली. पेठेत दुपारची विश्रांती सर्वांना माहीत असते, पण पुण्याहून गणपतीच्या दर्शनाला आलेल्या कुटुंबाला ती माहीत असण्याचे कारण नाही. दुकान त्याच जागी आहे याची गूगलला खात्री पटावी म्हणून पाटी, रस्ता आणि आतला गल्ला दाखविणारा व्हिडिओ काढून पाठवावा लागला, तोही संस्थेच्या मुलाने एका फेरीत उरकला. त्यानंतर या प्रोफाइलवरून दुकानाला किती फोन आले आणि किती जणांनी रस्ता विचारला हे दरमहा दिसू लागले. जाहिरातीच्या जगात खरोखर उपयोगी असे आकडे थोडे, त्यांत मी या दोन आकड्यांची गणना करते, कारण रस्ता विचारणारा माणूस बहुधा निघालेला असतो.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. या प्रोफाइलवरील वेळ किंवा पत्ता बदलण्याची सूचना कोणीही करू शकतो आणि मालकाचे लक्ष नसेल तर ती लागूही होते. आमचे दुकान एकदा ऐन दिवाळीच्या आठवड्यात नकाशावर ‘कायमचे बंद’ दिसत होते. हे कोणी केले ते कळले नाही, पण संस्थेने त्याच दिवशी दुरुस्ती करून घेतली. दुसरी गोष्ट स्वतःच्या संकेतस्थळाची. पूर्वी गूगल याच प्रोफाइलवरून छोटेसे संकेतस्थळ फुकट तयार करून देत असे आणि पेठेतील कित्येकांनी त्याचा पत्ता पिशव्यांवर छापून घेतला होता. मार्च २०२४ मध्ये गूगलने ही सोय बंद केली आणि ते छापील पत्ते निरुपयोगी झाले. आमच्याकडून संस्थेने सुरुवातीलाच स्वतःचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा स्वतंत्र पत्ता, घेवविले व ते आमच्या नावावर नोंदविले. हा सल्ला मोलाचा होता, आणि पुढे जाहिरातीच्या खात्याबाबत त्याच संस्थेने नेमके उलट वागावे याचे म्हणूनच अधिक आश्चर्य वाटले. त्याविषयी पुढे लिहिते.

छायाचित्रे हा या सेवेचा दुसरा जमेचा भाग. संस्थेने पाठविलेला छायाचित्रकार हा कुपवाडचा अबोल तरुण होता. त्याने दिवे, छत्र्या असा काही सरंजाम आणला नाही. उन्हे कलल्यावर तो दुकानाच्या उंबऱ्याशी पांढरा कार्डशीट अंथरून बसला, राजापुरी हळकुंड हातात घेऊन त्याने ते अडकित्त्याने मधोमध तोडायला लावले आणि तुटलेल्या तोंडाचा तो गर्द केशरी रंग इतक्या जवळून टिपला की पृष्ठभागावरची बारीक कणी मोजता यावी. जुने गिऱ्हाईक हळकुंड मोडूनच पाहते, वरच्या पॉलिशवर विश्वास ठेवत नाही. या मुलाला ते कोणी सांगितले नव्हते, त्याने गल्ल्याशी उभे राहून पाहिले होते. बेदाण्याचेही तसेच. तासगावकडून आलेल्या पेटीतला माल त्याने चाळणीवर ओतायला लावला आणि देठ, खडे व फुटका मणी वेगळा होताना दाखविला. व्हॉट्सॲपवरील आमच्या कॅटलॉगमध्ये आज जी चित्रे आहेत ती सर्व त्या एका संध्याकाळची आहेत.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला पोस्टर्स. गुढीपाडवा, अक्षय तृतीया, वटपौर्णिमा इथपर्यंत ठीक होते. पण जागतिक अमुक दिन आणि तमुक दिन यांच्याही शुभेच्छा आमच्या दुकानाच्या नावाने जाऊ लागल्या, तेव्हा मी त्या थांबविण्यास सांगितले. एकाच साच्यातून काढलेले पोस्टर, फक्त खालची पाटी बदलून, शेजारच्या सराफाच्या आणि समोरच्या दवाखान्याच्या पानावरही त्याच सकाळी झळकत असे. चौकाचौकांतले वाढदिवसाचे फ्लेक्स काय कमी होते, म्हणून आता हे! मजकुराची भाषाही अशी की आमच्या सासूबाईंनी एकदा मोठ्याने वाचून विचारले, “हे आपल्या दुकानाबद्दलच लिहिलंय ना?” या पोस्टर्समुळे एकही गिऱ्हाईक आल्याचे मला ठाऊक नाही.

रील्सविषयी थोडे अधिक सांगायला हवे. जून २०२०च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैमध्ये इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स सुरू केल्या; त्याआधी सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून मोबाईल डेटा स्वस्त झालेलाच होता. तेव्हापासून लहानमोठ्या दुकानांच्या जाहिरातीचा जणू हाच राजमार्ग ठरला आहे. आमच्या रील्स हजारो लोकांनी पाहिल्याचे अहवालात येत असे. परंतु पाहणारे कोण, हे विचारल्यावर असे दिसले की त्यांतला मोठा हिस्सा अशा शहरांतल्या पोरसवदा मंडळींचा आहे ज्यांच्या घरात हळद कोण आणते हेही त्यांना माहीत नसावे. वर्तमानपत्रातील जाहिरातीला कॉलम सेंटिमीटरने पैसे मोजावे लागत, पण ती निदान सांगली आवृत्तीत छापली जाई आणि सांगलीतच वाचली जाई. रील कोठे जाईल हे पाहणाऱ्याच्या मागील आवडीनिवडीवरून यंत्र ठरवते. ते यंत्र प्रेक्षक जमविते. गिऱ्हाईक जमविणे हे त्याचे काम नव्हे. एकदाच एक रील खऱ्या अर्थाने उपयोगी पडली: साठवणीच्या तिखटासाठी कोणती मिरची किती घ्यावी हे सासूबाईंनी गल्ल्यावर बसून सांगितले, त्यात नाच नव्हता, संगीत नव्हते आणि ती पाहून बायका थेट दुकानात आल्या.

पैसे देऊन केलेल्या जाहिरातींत ‘मेसेज पाठवा’ हे बटण असलेली जाहिरात सर्वांत परवडली. त्यावर बोट ठेवताच गिऱ्हाईक थेट आमच्या व्हॉट्सॲपवर येते आणि भाव विचारते. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप जानेवारी २०१८ मध्ये आले आणि त्याचा मूळ उपयोग फुकट आहे. कॅटलॉग, ठरावीक उत्तरे, ऑर्डरींना लावायच्या रंगीत चिठ्ठ्या हे सगळे त्यात येते. यासाठी संस्थेला पैसे देण्याची गरज कितपत आहे, याचा प्रत्येकाने विचार करावा. संस्थेने आमच्यासाठी कॅटलॉग भरून दिला, पण भाव रोज बदलणाऱ्या मालात तो कॅटलॉग अद्ययावत ठेवणे बाहेरच्या माणसाला शक्यच नव्हते. अखेरीस ते काम दुकानातल्या मुलीने शिकून घेतले. एकाच वेळी पुष्कळांना निरोप पाठविण्याची जी ब्रॉडकास्ट यादी असते तिच्यात २५६ जण बसतात आणि आपला क्रमांक ज्याने आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच तो निरोप पोहोचतो. ही अट मला फार आवडते. ज्याने तुमचे नाव स्वतःहून लिहून ठेवले नाही त्याच्या कानाशी ओरडता येत नाही. संस्थेला मात्र ही अडचण वाटत होती आणि तीवर उपाय म्हणून त्यांनी आमच्या बिलबुकांतील सर्व फोन क्रमांक मागितले, जेणेकरून ते मेटाच्या जाहिरात यंत्रणेत भरून त्याच लोकांना जाहिराती दाखविता येतील. आम्ही दिले नाहीत. गिऱ्हाइकाने क्रमांक बिलासाठी दिलेला असतो. तो दुसऱ्या कामाला वापरायचा तर त्याची संमती हवी, आणि २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर दोन प्रसंग नोंदविते, कारण येथे संस्थेचे अज्ञान आम्हाला महागात पडू शकले असते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या प्रदेशाचा खास माल अशी कायदेशीर ओळख, मिळाले, सांगलीच्या बेदाण्याला ते त्याआधीच मिळाले होते. संस्थेने उत्साहाच्या भरात मानांकनाचे चिन्ह आमच्या पोस्टरवर टाकून दिले. सांगलीत हळद विकतो म्हणून कोणालाही ते चिन्ह वापरता येत नाही. त्यासाठी १९९९च्या कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. पोस्टर बाहेर पडण्यापूर्वी ते सासऱ्यांच्या नजरेस पडले म्हणून निभावले. दुसरा प्रसंग अधिक गंभीर होता. हळद अमुक रोग बरा करते, तमुक गाठ विरघळविते अशा आशयाचा मजकूर रीलसाठी लिहून आला. खाद्यपदार्थ रोग बरा करतो असा दावा जाहिरातीत करण्यास अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांनुसार मनाई आहे, आणि काही विशिष्ट रोगांवरील उपचारांच्या जाहिरातींना बंदी करणारा कायदा तर १९५४ पासून आहे. लिहिणाऱ्या मुलीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, सगळेच टाकतात.” ते खरेही आहे. पण खाद्यपदार्थ विकण्याचा परवाना आमच्या नावावर आहे.

‘इन्फ्लुएन्सर’चेही तेच. खाद्यपदार्थांचे व्हिडिओ करणाऱ्या एका स्थानिक तरुणाला संस्थेने दुकानात आणले. मानधन ठरले, काय बोलायचे ते ठरले, पण हा व्हिडिओ पैसे घेऊन केला आहे हे त्यावर लिहायला तो तयार होईना. लिहिले की लोक पुढे सरकतात, असे त्याचे म्हणणे. जाहिरात क्षेत्राने स्वतःवर नियंत्रण ठेवण्यासाठी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या ॲस्की या संस्थेने २०२१ मध्येच अशा मजकुरावर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहिण्याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत, केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये तशाच सूचना काढल्या आहेत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. यांतले काहीच त्याला ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घेण्याची इच्छाही दिसली नाही. त्याला चहा पाजला, पाव किलो बेदाणा बांधून दिला आणि तो विषय तेथेच संपविला.

आता रिव्ह्यूंकडे वळते. माझ्या मते या काळातील जाहिरात आणि जनसंपर्क यांच्या मधली भिंत येथेच पडली आहे. पूर्वी दुकानाविषयी लोक जे बोलत ते पारावर, देवळात, लग्नाच्या पंगतीत बोलत आणि ते दुकानदाराच्या कानावर येईतो त्याचे भलते काही झालेले असे. आता ते दुकानाच्या नावाखालीच लिहिले जाते, वर्षानुवर्षे राहते आणि दुकानदाराचे उत्तरही त्याच्याच खाली राहते. संस्थेने दुसऱ्याच महिन्यात आमच्यापुढे प्रस्ताव ठेवला की ठरावीक रकमेत पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू घाऊक भावाने मिळतील. ते लिहिणारी माणसे आमच्या दुकानात कधीच येणार नव्हती, किंबहुना ती या जिल्ह्यातीलही नव्हती. असे विकत घेतलेले रिव्ह्यू गूगलच्या नियमांत बसत नाहीत. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत व प्रसिद्ध करावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकही काढले आहे, मात्र ते ऐच्छिक आहे आणि त्यामुळे बाजारात त्याची भीती कोणालाच नाही. नियम बाजूला ठेवले तरी, सगळे पाच तारे आणि सगळ्यांची भाषा एकच असे पान पाहून शहाणे गिऱ्हाईक काय समजायचे ते समजते.

याच सुमारास एका अनोळखी गिऱ्हाइकाने एक तारा देऊन लिहिले: “बेदाणा इतका पिवळाधमक कसा? नक्की केमिकल मारलेले असणार. घेऊ नका.” संस्थेकडून तासाभरात इंग्रजीतले तयार उत्तर आले, ज्यात गैरसोयीबद्दल दिलगिरी होती आणि आपले मत आमच्यासाठी मोलाचे असल्याचे आश्वासन होते. प्रश्न रंगाचा होता आणि उत्तरात रंगाचा उल्लेखही नव्हता. ते उत्तर बाजूला ठेवून मी असे लिहिले: “आपली शंका रास्त आहे. आमच्या भागात द्राक्षे वाळविण्यापूर्वी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात बुडवितात. त्यामुळे सालीवरील मेणचट थर सुटतो आणि मणी लवकर वाळतो. रंग पिवळा राहावा म्हणून मालाला गंधकाची धुरी देतात. धुरी न दिलेला माल तपकिरी पडतो, दिसायला मळकट असतो, तोही आमच्याकडे मिळतो. बेदाणा कोणताही असो, धुऊन वापरावा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर धुरीचा माल देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.”

संस्थेच्या प्रमुखांना हे उत्तर अजिबात पसंत पडले नाही. गंधकाचा उल्लेख स्वतःच्या तोंडाने केल्यास विक्री पडेल, असे त्यांनी फोन करून सांगितले. प्रत्यक्षात त्या उत्तराचे छायाचित्र काढून कोणीतरी ते व्हॉट्सॲपच्या गटांत फिरविले आणि दुकानात येऊन “तो मळका बेदाणा द्या” म्हणणारी गिऱ्हाइके सुरू झाली, ती अजून आहेत. पिवळ्या मालाची विक्रीही कमी झाली नाही. एक तारा देणाऱ्याने आपला तारा बदलला नाही, तो त्याचा अधिकार आहे.

‘पीआर’ या कलमाखाली अखेर जे मिळाले ते असे: काही ऑनलाइन बातम्यांच्या पोर्टलांवर आमच्या दुकानाविषयी एकसारखा, स्तुतीने ओथंबलेला मजकूर पैसे भरून प्रसिद्ध झाला. नोकरीत असताना मी प्रसिद्धिपत्रके लिहीत असे. मथळ्याच्या वर ‘कृपया प्रसिद्धीसाठी’ असे टंकून, सोबत छायाचित्र जोडून ती संध्याकाळच्या आत वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पोहोचवावी लागत, आणि तेथील उपसंपादक त्यातली विशेषणे निर्दयपणे छाटून चार ओळींची बातमी करीत असे. त्या वेळी त्याचा राग येई. परंतु वाचक त्या चार ओळींवर जो विश्वास ठेवीत तो त्या कात्रीमुळेच. पैसे भरलेल्या पोर्टलावर कात्री चालविणारा कोणी नसतो, म्हणून तेथे छापून आलेल्या मजकुराला बातमीची किंमतही उरत नाही. आमचा तो मजकूर मी ओळखीच्या कोणाही माणसाने वाचलेला पाहिला नाही.

या जिल्ह्याला तरी अशा कामाचा चांगला नमुना परका नाही. आजच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले ते कारखान्याचे मुखपत्र म्हणून. नांगर, चरक विकणाऱ्या कारखान्याची माहिती त्याच्या गिऱ्हाइकांपर्यंत जावी हा हेतू उघड होता. पण वाचणाऱ्याला त्यात वाचण्याजोगे काही मिळत गेले आणि त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक उभे राहिले. हल्ली ज्याला ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणून पैसे आकारतात ते काम येथे शंभर वर्षांपूर्वी, रेल्वेने अंक पाठवून, झालेले आहे.

खरा जनसंपर्क लागतो तो पुराच्या दिवसांत. सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले आणि पेठेत शिरले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा शिरले. अशा वेळी पाणी ओसरले की ‘पेठेतला सगळा माल भिजलेला आहे, तोच वाळवून विकतात’ असे निरोप फिरू लागतात. यासाठी आम्ही संस्थेबरोबर आधीच एक रीत ठरवून घेतली, आणि या बाबतीत त्यांनी मनापासून काम केले याची नोंद करते: पावसाळ्यात पाणी चढू लागले की माल कोणत्या दिवशी यार्डातील गोदामात हलविला याचा तारीखवार व्हिडिओ काढणे, दुकान बंद असल्याची नोंद प्रोफाइलवर त्याच दिवशी करणे, आणि दुकान पुन्हा उघडताना कोणता माल टाकून दिला तेही दाखविणे. शेवटची सूचना संस्थेच्याच एका मुलीची होती. फेकलेल्या पोत्यांचे चित्र जाहिरातीत घालण्याचे धाडस तिने सुचवावे, हे मला विशेष वाटले.

मासिक अहवालाबद्दल थोडक्यात. गुळगुळीत पानांवर ‘रीच’ (किती जणांपर्यंत पोहोचले), ‘इम्प्रेशन’ (किती वेळा दिसले), ‘एंगेजमेंट’ (किती जणांनी प्रतिसाद दिला) यांचे चढते आलेख असत. मी नोकरीत असताना आमच्या जनसंपर्क विभागात कात्रणांची एक जाडजूड फाईल असे, जी दर महिन्याला अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली जाई. छापून आले एवढेच तीवरून कळे, ते वाचून कोणी मुलाला आमच्या शाळेत घातले का हे कधीच कळत नसे. हा अहवाल म्हणजे तीच फाईल, रंगीत झालेली. मी तिसऱ्या अहवालापासून फक्त तीनच गोष्टी मागितल्या: फोन किती, रस्ता विचारणारे किती आणि व्हॉट्सॲपवर भाव विचारून माल घेणारे किती. शेवटची गोष्ट संस्थेला देता आली नाही, कारण ती आमच्या वहीत होती. ती आम्हीच जुळवली. तेव्हा असे दिसले की पुण्या-मुंबईहून किलो-अर्धा किलोची मागणी पुष्कळ येते, पण कुरिअरचा खर्च धरला की तीत काही उरत नाही, आणि वर्षाची साठवणीची हळद एकदम मागविणारी कुटुंबे थोडी असूनही तीच परवडतात. जाहिरातीचा रोख त्यानंतर साठवणीच्या हंगामाकडे वळविला.

सर्वांत मोठी तक्रार शेवटी. जाहिरातीचे खाते आणि फेसबुकचे पान संस्थेने स्वतःच्या मालकीखाली उघडले होते आणि आम्हाला त्यात केवळ पाहण्याची मुभा होती. वर्षभर आमच्या पैशांनी ज्या जाहिराती चालल्या, त्यांतली कोणती फळली याची सारी नोंद त्या खात्यात साठत होती. संस्था बदलायची तर ती मागे राहणार. मेटाच्या व्यवस्थेत मालकी दुकानाची आणि संस्थेला भागीदार म्हणून काम करण्यापुरती परवानगी, अशी सोय सहज उपलब्ध आहे. ती का वापरली नाही, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. नूतनीकरणाची बोलणी याच मुद्द्यावर अडली, आणि पान हस्तांतरित होईपर्यंत शेवटचा हप्ता दिरांनी रोखून धरला तेव्हा कुठे काम झाले.

नव्या करारात आम्ही गूगल प्रोफाइल, छायाचित्रे, हंगामातील जाहिराती आणि पावसाळ्यातील व्यवस्था एवढेच ठेवले आहे. पोस्टर्स, पोर्टले आणि मासिक रील्स गाळल्या. रिव्ह्यूंना उत्तर दुकानातूनच जाईल, असे लेखी कलम घातले आहे. पेठेतल्या ज्या दुकानात एक तरी माणूस रोज अर्धा तास फोन घेऊन बसू शकतो, त्याने नकाशा आणि व्हॉट्सॲपचे काम स्वतःच करावे आणि संस्थेला केवळ छायाचित्रांपुरते बोलवावे. ज्यांना तेवढी सवड नाही त्यांना ही सेवा घेण्यास हरकत नाही, मात्र सही करण्यापूर्वी डोमेन, पान आणि जाहिरात खाते कोणाच्या नावावर राहणार ते कागदावर घ्यावे. पाचपैकी मी तीन तारे देते. त्यांतला एक नकाशाचे काम करणाऱ्या मुलाचा, एक पोत्यांचे चित्र सुचविणाऱ्या मुलीचा आणि एक कुपवाडच्या त्या छायाचित्रकाराचा.